बादलीतलं बादलीतच

कुणी ओकलं की आमचे अण्णा खूश होतात, असं बसवकल्याणात बोललं जायचं. साफ खोटं. मी चार वर्षं त्यांच्या हाताखाली लोखंड उचललंय आणि त्यातलं पहिलं निम्मं वर्ष बादलीत तोंड घालून काढलंय, तेव्हा या विषयावर बोलायचा माझ्याइतका अधिकार अख्ख्या तालुक्यात कुणाला नाही. अण्णा खूश व्हायचे नाहीत. अण्णांना त्यात रस असायचा. ह्यात फरक आहे.

मी पहिल्यांदा त्यांना बघितलं तेच मुळी बादलीसमोर उकिडवं बसलेलं. अंगात बनियन, कपाळावर विभूती, गळ्यातलं इष्टलिंग हेलकावू नये म्हणून बनियनमध्ये खोचलेलं. अंगानं किडकिडीत आणि कान मात्र दोन माणसांचे. मला वाटलं, हा झाडलोट करणारा असेल, मालक आत असेल. एक पोरगा भिंतीला टेकून पांढराफटक पडला होता आणि हे बादलीत डोकावून त्याला विचारत होते, "पोहे खाल्लास. किती वाजता?"

"साडेपाचला, अण्णा."

"आन इथं आलास सहाला. पोह्यांची काय चूक मग? ते रिटर्न तिकीट काढूनच आलेले."

मग त्यांची नजर माझ्याकडं गेली. मी त्यांच्या व्यायामाच्या शेडच्या दारात उभी. पोलीस भरतीत एकदा नापास होऊन आलेली. गोळाफेकीत माझा गोळा इतका जवळ पडला होता की मोजणाऱ्या बाईनं फीत उघडायचेही कष्ट घेतले नाहीत.

"काय पाहिजे?"

"ताकद पाहिजे."

"उलटी येती का तुला?"

"न्हाई."

"येईल," म्हणाले, आणि बादली त्या पोराच्या हातात देऊन उठले. माझी भरती तिथं झाली. त्या शेडमध्ये तोवर एकही पोरगी आली नव्हती. पोरं कुजबुजली तर अण्णा एवढंच म्हणाले, "लोखंडाला कळत न्हाई कोण उचलायलंय. तुम्हाला कामून कळायलंय?"

आता त्या शेडबद्दल. पूर्वी ती शेंगदाण्याच्या तेलाची गिरणी होती. गिरणी बंद पडली तरी पेंडीचा वास भिंतींतून गेला नाही, आणि वरचे पत्रे तापले की तो वास असा अंगावर यायचा की निम्म्या उलट्या व्यायामाच्या आणि निम्म्या पेंडीच्या, असं माझं ठाम मत आहे. अण्णांनी गिरणीचीच चाकं, दातेरी चक्रं आणि पट्ट्याच्या पुल्या काढून त्यांची वजनं केली होती. कशावरच आकडा नव्हता. प्रत्येकाला नाव होतं. सगळ्यांत हलकं ते रेडकू, मग म्हैस, मग सासरा, आणि ज्याच्याखाली भलेभले बसायचे तो तहसीलदार.

"अण्णा, किलोत सांगा की," कुणी म्हणालं तर म्हणायचे, "आकडा बघितला की माणूस घाबरतो. नाव ऐकलं की चिडतो. आन चिडलेला माणूस उचलतो."

मला म्हणाले, "आज सासऱ्याला आठ येळा उचल."

"माझं लग्न कुठं झालंय, अण्णा?"

"म्हणूनच आत्ता शिकून घे."

तहसीलदार जागचा हलत नाही, अर्ज कितीही करा, ही त्यांची आवडती कोटी. दिवसातून दोनदा व्हायची. दोन्ही वेळा सगळ्यात आधी हसायचेही तेच.

पण त्या शेडची खरी गंमत लोखंडात नव्हती. तिथं एक रीत होती, आणि ती मी दुसरीकडं कुठंच बघितली नाही. कुणी ओकलं की सगळ्यांनी हातातलं लोखंड खाली ठेवायचं आणि तीन टाळ्या वाजवायच्या. दोन नाही, चार नाही. मग अण्णा त्याला मीठ-गुळाचं पाणी घोट घोट पाजणार, उगीच गटागटा प्यायला तर मनगट धरणार. दम परत आला की ज्याची त्यानं बादली मागच्या डाळिंबाच्या बुडाशी रिकामी करायची आणि विसळून जागेवर आणून ठेवायची. आणि दुसऱ्या दिवशी तो माणूस परत आला, तर अण्णा स्टुलावर चढून गेरूनं त्याचं नाव भिंतीवर लिहिणार. ओकला म्हणून नाही हं. परत आला म्हणून.

"ओकणारे पायलीला पन्नास मिळतात," म्हणायचे. "ओकून परत येणारा मला दाखवा."

त्या डाळिंबाचं काय सांगू! असली डाळिंबं पंचक्रोशीत नाहीत. दाणा लालभडक, साखरेसारखा गोड. आमच्यातलं कुणीही ते तोंडात घालत नसे. अण्णा टोपलीभर फळं कचेऱ्यांमधून वाटून यायचे, आणि साहेबलोक म्हणायचे, खत कुठलं घालता हो? अण्णा म्हणायचे, घरचंच आहे.

आणि मोबाईल. पोरं हल्ली रेडकू उचललं तरी त्याची रील करतात. अण्णांचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. फक्त, "बादलीकडं कॅमेरा वळला तर मोबाईल बादलीत." एकाचा खरंच गेला. त्यानं तो धुतला, वाळवला, तांदळात ठेवला. चालू झाला, पण त्यावर कुणाशी बोलायला त्याला पुढं नको वाटायचं.

माझी पहिली उलटी तिसऱ्या दिवशीची. ओकारी येऊ नये म्हणून मी मोठं डोकं लढवलं होतं. आदल्या संध्याकाळपासून काही खाल्लंच नव्हतं! पोटात नाही तर बाहेर येणार काय? खांद्यावर म्हैस घेऊन उठबशा काढायच्या होत्या. सातव्या उठबशीला कानात दडे बसले, आठवीला तोंडाला पाणी सुटलं, नववीला पोटातनं असं ढवळून आलं की बादली कुणी पुढं सरकवली तेही कळलं नाही. नुसतं पिवळं, कडूजहर पाणी. आणि मान वर करते तो तीन टाळ्या!

रीत मला कुणी सांगितली नव्हती. मला वाटलं, दहा-बारा पोरं मिळून माझी मजा बघायलीत. अण्णा बादलीत बघून म्हणत होते, "ह्यात काईच न्हाई गं, उपाशी कामून आलीस?" तेवढ्यात मी ओढणीनं तोंड पुसलं आणि पळाले. राहायचे त्या हॉस्टेलवर गेले नाही. तडक स्टँडवर, मिळाली ती गाडी पकडली आणि मुडबीला घरी.

माय अंगणात तुरी पाखडत बसली होती. मला बघून सूप खाली ठेवलं नाही.

"कामून आलीस?"

"ओकले मी तिथं."

"आन?"

"आन पोरांनी टाळ्या वाजवल्या."

"आन?"

"आन काय? सोडलं म्या. न्हाई जात आता."

मायनं सूप तसंच हलवत ठेवलं. म्हणाली, "तुझ्या येळंला नऊ महिने ओकले मी. रानात ओकले, बसमधी ओकले, तुझ्या बापाच्या ताटाम्होरं ओकले. सोडलं का तुला?"

तरी मी चार दिवस फुगून बसले. पाचव्या दिवशी मायनं भाकरी, शेंगाची चटणी बांधली, पिशवी अंगणात आणून ठेवली आणि दाराला आतून कडी लावून घेतली.

शेडमध्ये गेले तर अण्णा म्हशीवरची धूळ पुसत होते. मी म्हटलं, "माझं नाव नसेल ना आता? नियम दुसऱ्या दिवसाचा हाय. मला पाच दिवस झाले."

"दुसरा दिवस म्हणजे कवा?" म्हणाले. "माणूस परत येतो तवा दुसरा दिवस."

कशी आलीस विचारलं म्हणून मी मायचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. अण्णा आधी खो खो हसले. मग विचारलं, "काय नाव मायचं?"

"धुरपताबाई."

स्टूल घेतलं, वर चढले, आणि सगळ्या पोरांच्या नावांच्या वरती, पार पत्र्याला लागून, गेरूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं: धुरपताबाई, नऊ महिने. मग खाली उतरून तळाशी माझं. त्या दिवसापासून अण्णांना मी मनातून माझे मानले, आणि त्यांच्याकडून दुप्पट शिव्या खाल्ल्या.

भिंतीवर एक नाव मात्र नव्हतं. अण्णांचं. पोरं चिडवायची, "अण्णा, तुमचं कुठाय?" ते म्हणायचे, "मला ओकवणारा मास्तरच भेटला न्हाई अजून." त्यांना एकदा तरी ओकलेलं बघायचं, हे आम्हा सगळ्यांचं स्वप्न होतं. देवा, कसली स्वप्नं बघतो माणूस.

बादली वाचण्यात अण्णांचा हात धरणारा कुणी नव्हता. ही घाईची, ही भातानंतर तासात आलेल्याची, ही श्वास कोंडून धरणाऱ्याची. एकानं भिंतीवर नाव लागावं म्हणून घशात बोटं घालून ओकून दाखवलं. अण्णांनी बादलीकडं बघितलंसुद्धा नाही, त्याच्या बोटांकडं बघितलं. "ही बोटाची हाय. टाळी न्हाई. ओकणं काय मोठेपणा न्हाई रे येड्या. ओकून लाजणं येडेपणा हाय, एवढंच." आणि त्याला पंधरा दिवस रेडकावर ठेवला. कुणी दोन दिवस लागोपाठ ओकलं तर त्यालाही रेडकूच. "लोखंड उद्या बी इथंच हाय. ते कुठं पळून जात न्हाई, तू जातोस."

एका किराणा दुकानदाराचा पोरगा होता, त्याला आम्ही किराण्या म्हणायचो. घर कडक. कांदा-लसूणसुद्धा वार बघून. एकदा सासऱ्याखालून उठला तो थेट बादलीवर. मी शेजारीच होते, मी बघितलं, आणि जे बघितलं ते रात्रीच्या बिर्याणीखेरीज दुसरं काही असूच शकत नव्हतं. किराण्याच्या घरचे दोन चुलतभाऊ तिथंच व्यायाम करत होते. तेही पुढं यायला लागले. किराण्याचं तोंड असं झालं, की उलटी परवडली.

अण्णा बादलीवर वाकले. दोन क्षण बघितलं. "शिवशिवा," म्हणाले, मग मोठ्यानं, "साबूदाणा हाय. तिखट जास्त पडलंय." आणि तांब्याभर पाणी ओतून स्वतः बादली मागं घेऊन गेले. चार वर्षांत दुसऱ्याची बादली त्यांनी उचललेली मी तेवढी एकदाच बघितली. परत येताना माझ्याजवळ थांबले.

"तू काय बघितलीस?"

"साबूदाणा."

"शाणी हायस. बादलीतलं बादलीतच."

हा त्यांचा खरा धर्म. कोण काय खातं, कोण काय पितं, कुणाचा उपास खरा आणि कुणाचा घरच्यांपुरता, अख्ख्या गावाच्या पोटातलं त्या माणसाला ठाऊक होतं, आणि एक शब्द कधी बाहेर गेला नाही. (किराण्याचं मी इथं सांगितलं, कारण पुढं त्याच्या आईनंच सगळं शोधून काढलं, झाडूनं विचारपूस केली आणि ते प्रकरण संपलं.)

मी दुसऱ्यांदा भरतीला उभी राहिले ती कलबुर्गीच्या मैदानावर. धावून आले आणि कुंपणाशी जाऊन भडाभडा ओकले. आजूबाजूच्या पोरी तोंडाला रुमाल लावून लांब सरकल्या. टाळी वाजवायला कुणी नव्हतं. मग मीच वाजवली. तीन. एक साहेबबाई बघत होती, ती म्हणाली, "बरी आहेस ना गं?" डोक्यानं बरी आहेस ना, असं तिला विचारायचं होतं. मी म्हटलं, "आता बरी हाय, मॅडम," आणि जाऊन गोळा फेकला. यावेळी फीत उघडावी लागली.

अण्णांनी पहिल्याच दिवशी शिकवलेली एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ते म्हणायचे, "हातात लोखंड असताना आलेली ओकारी माझी. मी बघून घेतो. हातात लोखंड नसताना आली, तर ती डॉक्टरची. तिथं माझं काई चालत न्हाई."

तर माझी निवड झालेली, ट्रेनिंगचं पत्र यायचं होतं, आणि मी सवयीनं शेडमध्ये जातच होते. उन्हाळा लागलेला. सकाळी आठालाच पत्रे तापलेले. अण्णा स्टुलावर बसून किराण्याला तहसीलदार कसा धरायचा ते तोंडी सांगत होते. मधेच थांबले. बनियन गळ्यापाशी ओढलं, जबडा चोळला, आणि बसल्या जागी पुढं वाकून भसकन ओकले.

आणि मग, हे मी लिहितेय ते लाज गिळून लिहितेय, आम्ही आनंदानं वेडे झालो. अण्णा ओकले! लोखंड धडाधड खाली. पहिली टाळी मी वाजवली. एक, दोन, तीन! किराण्या शिट्टी वाजवत गेरूचा डबा आणायला पळाला. कुणीतरी ओरडलं, "उद्या नाव, अण्णा, उद्या नाव!"

तिसऱ्या टाळीला माझे हात तसेच राहिले. मला त्यांचे हात दिसले. मांडीवर पडलेले, उताणे, रिकामे. सकाळपासून त्यांनी रेडकूसुद्धा उचललं नव्हतं. कपाळावरची विभूती घामानं ओघळून भुवईवर आली होती. मी हात लावला तर अंग गार. त्या उकाड्यात, गार.

"लोखंड न्हाई हातात!" मी ओरडले. "गाडी आणा, डॉक्टरची हाय ही!"

किराण्यानं डबा टाकला आणि बाहेर जाऊन चालती रिक्षा अडवली. रिक्षात अण्णांचं डोकं माझ्या खांद्यावर. डोळे मिटलेले. मधेच हळूच म्हणाले, "किती वाजवलात?"

"तीन, अण्णा."

मी रडत होते, आणि रडतानाही त्यांना सरळ धरून होते, कारण चार वर्षं त्यांनी मला तेच शिकवलं होतं.

हार्ट अटॅकच होता. इथल्या दवाखान्यातनं तसंच अँब्युलन्सनं कलबुर्गीला हलवलं, तिथं रक्तवाहिनीत जाळी बसवली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. आणखी थोडा वेळ गेला असता तर अवघड होतं. आम्ही सगळे मान खाली घालून ऐकत होतो. थोडा वेळ आम्ही टाळ्या वाजवण्यात घालवला होता हे डॉक्टरांना कुणी सांगितलं नाही.

अण्णा घरी आले, हिंडाफिरायला लागले, डॉक्टरांनी शेडमध्ये बसायची परवानगीही दिली. फक्त उचलायचं काही नाही. पण अण्णा येईनात. महिना गेला, दोन गेले. शेडची किल्ली माझ्याकडं. मला ट्रेनिंगचं पत्र आलं, जायला तीन आठवडे उरले, आणि माझ्यामागं शेड उघडणार कोण, याचं उत्तर कुणाकडं नव्हतं. पोरं एकेक करून स्टँडजवळच्या एसी जिमकडं सरकायला लागली. तिथं वजनांवर आकडे होते आणि ओकणाऱ्याला हाकलून देत.

मी अण्णांच्या घरी गेले की त्यांची बायको, आम्ही त्यांना अक्का म्हणायचो, दारातच सांगायच्या, "रोज सकाळी चप्पल घालायलेत, उंबऱ्यापर्यंत जायलेत, परत येऊन काढायलेत. चप्पल घरातल्या घरात झिजून गेली बघ."

अण्णा खाटेवर बसून भिंतीकडं बघत असायचे. एक दिवस मी सरळच विचारलं, "टाळ्यांचा राग आलाय का, अण्णा? पहिली माझी होती."

"तुझा न्हाई गं राग."

"मग कामून येईनात तुम्ही?"

मग जे सांगितलं, ते मी पोरांना कधी सांगितलं नाही. वयाच्या बाविसाव्या वर्षी अण्णा कलबुर्गीला वजन उचलण्याच्या स्पर्धेला गेले होते. गावातली माणसं गाडी करून बघायला आलेली. अण्णांनी बार छातीवर घेतला आणि तिथंच, मंचावर, सगळ्यांसमोर ओकले. लोक हसले. कुणी टाळ्या पिटल्या, कुणी शिट्ट्या मारल्या. अजून दोन प्रयत्न शिल्लक होते. अण्णा मंचावरून उतरले ते तसेच, लंगोटावर टॉवेल गुंडाळून, स्टँडवर गेले आणि मिळेल ती गाडी पकडून घरी आले.

"परत गेलो न्हाई," म्हणाले. "त्या मंचावर बी न्हाई, दुसऱ्या कुठल्या बी न्हाई. पोरांना सांगतो, परत येणारा खरा. आन मी? भिंतीवर माझं नाव कामून न्हाई, कळलं का आता? ओकलो नव्हतो म्हणून न्हाई. आन आता परत तेच. तुम्हा सगळ्यांसमोर. कुठल्या तोंडानं येऊ?"

चार वर्षं ज्या माणसानं मला लाज सोडायला शिकवलं, तो स्वतः ती पोटाशी धरून बसला होता. मी त्या रविवारी मुडबीला गेले आणि मायपुढं सगळं ओकले. हो, सगळं. बादलीतलं बादलीत राहिलं नाही, पण मायपुढं काय राहतं?

माय म्हणाली, "बुधवारी येते मी."

बुधवारी आली. डोक्यावर पदर, हातात घरच्या शेंगांची पिशवी. माझ्याशी एक शब्द न बोलता अण्णांच्या घरी शिरली, अक्कांच्या हातात पिशवी दिली आणि अण्णांपुढं जाऊन उभी राहिली.

"अण्णा, ही पोरगी म्हणती, तुम्ही माझं नाव भिंतीवर लिवलंय. खरं हाय का?"

अण्णा गडबडून उठले. "व्हय. लिवलंय की."

"मला दाखवा."

"ही दाखवील की. किल्ली तिच्याकडंच हाय."

"हिच्यावर माझा भरवसा न्हाई. ही लहानपणापासून खोटारडी. मला वाचता येत न्हाई, अण्णा. अंगठेबहाद्दर हाय मी. ही काय बी वाचून दाखवील. तुम्ही लिवलंय, तुम्हीच येऊन वाचून दाखवा."

मी तोंड उघडलं. मायनं माझ्या पायावर पाय दिला, जोरात. माझी माय सातवी शिकलेली आहे. रोज संध्याकाळी दिवाबत्तीला बुद्धवंदना पुस्तकातनं वाचते, आणि माझी एक वेलांटी चुकली तर चारचौघांत काढते. मी तोंड मिटलं.

अण्णा उंबऱ्याकडं बघत राहिले. मग मायकडं. अक्का आतनं बोलल्या, "घाला की चप्पल. घालायची सवय हायच तुम्हाला."

घालून आले. पुढं माय, मागं अण्णा, त्यांच्यामागं मी. शेडपाशी आलो तेव्हा आत किराण्या आणि उरलेली पाच-सहा पोरं होती. अण्णा आत शिरले आणि लोखंड जागच्या जागी खाली ठेवलं गेलं. टाळी वाजवायची कुणाची छाती झाली नाही. सगळे अण्णांकडं बघत उभे.

अण्णांनी वर बोट केलं. एकेका अक्षराखालून बोट सरकवत, शाळेतल्यासारखं वाचलं, "धु-र-प-ता-बा-ई. न-ऊ म-हि-ने."

"बाई गं," माय म्हणाली. "मोठं लिवलंय." मग सगळ्या भिंतीवरून, वरपासून खालपर्यंत नजर फिरवून म्हणाली, "आन तुमचं कुठलं ह्यातलं?"

अण्णा म्हणाले, "माझं न्हाई."

"कामून?"

"नियम हाय. दुसऱ्या दिवशी परत यावं लागतं. मला लई उशीर झाला, धुरपताबाई. तीस-पस्तीस वर्षं झाली."

हे वाक्य फक्त मला आणि मायला कळलं. पोरांना वाटलं, अण्णा दोन महिन्यांचं सांगताना आकडा चुकले. मी पुढं झाले. म्हटलं, "दुसरा दिवस म्हणजे कवा, अण्णा?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, आता तहसीलदार डोक्यात घालतील. मग "माणूस परत येतो तवा," म्हणाले, एवढं हळू की मलाच ऐकू आलं.

मी स्टूल घेतलं. किराण्यानं गेरूचा डबा दिला. मायच्या नावाशेजारी मी अण्णांचं नाव लिहिलं. ते मी इथं लिहीत नाही. भिंतीवर आहे, ज्याला वाचायचं त्यानं तिथं जाऊन वाचावं. खाली उतरले तेव्हा मायनं टाळी वाजवली. एकटीनं. एक. मग आम्ही सगळ्यांनी दोन.

अण्णांनी टॉवेलानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. मग स्टुलावर बसले आणि किराण्यावर खेकसले, "माझ्या तोंडाकडं काय बघायलास? ढेरी बघ तुझी! दोन महिन्यांत साबूदाणा लई खाल्लास वाटतं."

मी ट्रेनिंगला गेले, आता खाकीत आहे, आणि सुट्टीला आले की आधी शेडवर जाते, मग मुडबीला. अण्णा स्टुलावर बसलेले असतात. उचलत काही नाहीत, बादल्या मात्र वाचतात. मागच्या खेपेला निघताना मला हाक मारली.

"तुझी माय कशी हाय?"

"बरी हाय."

"वाचती का अजून?"

मी चपापले. "काय वाचती?"

"अगं, मी माणसाची बादली बघून उपास ओळखतो," अण्णा म्हणाले. "माझं बोट 'ता'वर होतं तवा तिचे ओठ 'बाई' म्हणून मोकळे झालेले. तिनं तुझ्या पायावर पाय दिला तवा घरातच वळखलं होतं, शेडमधी पक्कं झालं."

"घरातच? मग आलात कामून?"

"एवढी शिकलेली बाई माझ्यासाठी अडाणी झाली," म्हणाले. "मग कसा न्हाई येणार?"

मग बोट वर करून मला दम दिला, "मायला बोलू नको. बादलीतलं बादलीतच."

मी मायला अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका, आणि हे लिहिलेलं तिच्या हाती लागू देऊ नका. तिला वाचता येतं.